दुधाची तहान व्हिनेगरवर!

ऑफिस, डेडलाइन आणि ट्रॅफिक सांभाळून पोरीच्या वाढदिवसाला घरी केक करायचा... तोही दूध, लोणी, अंडं यातलं काहीही न घालता! एका बाबाची ही केकगाडी. दोनदा रुळावरून घसरलेली, पण शेवटी राइट टाइम पोचलेली.

गुरुवारची रात्र. पावणेबारा. ओट्यावर एक वीट. रंग चॉकलेटी, वास झकास, पण सुरी काही आत जाईना! बायको सकाळच्या गाडीने मुंबईला जाऊन आलेली, डोळे मिटत आलेले. तरी तिने त्या विटेवर टकटक केलं आणि म्हणाली, "अरे, हा केक आहे की बांधकाम?"

मी गप्प. हिंजवडीत बसून सातासमुद्रापारच्या क्लायंटचं अख्खं सॉफ्टवेअर सांभाळणारा मी, एका केकपुढे पार ढेर झालो होतो. वाढदिवस दहा दिवसांवर आलेला. आणि 'जाऊ दे ना, ऑर्डर देऊन टाकू' हा ऑप्शन आमच्याकडे नव्हताच.

का नव्हता, ते सांगतो.

गाडीलासुद्धा केक!

आमच्या घरातल्या राणीसाहेब जूनअखेर चार वर्षांच्या होणार होत्या. त्यांना दुधाची ॲलर्जी आहे. सात महिन्यांची असताना पहिल्यांदा वरचं दूध पाजलं आणि अर्ध्या तासात अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. तेव्हापासून दूध बंद. म्हणजे दही, तूप, पनीर, पेढा, आइस्क्रीम, सगळंच बंद.

इथे बरेच जण गल्लत करतात. 'दूध पचत नाही' हे वेगळं आणि ॲलर्जी वेगळी. दूध पचत नाही तेव्हा त्यातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पोटाला झेपत नाही. पोट दुखतं, फुगतं, संपलं. ॲलर्जीत शरीराची संरक्षण यंत्रणाच दुधातल्या प्रथिनांना शत्रू समजते. मग चमचाभर काय आणि थेंबभर काय! 'गाईचं चालत नाही तर शेळीचं द्या' हा नातेवाइकांचा सल्लाही उपयोगाचा नाही, कारण ही प्रथिनं एकमेकांसारखीच असतात. दिलासा एवढाच, की बऱ्याच मुलांची ही ॲलर्जी मोठं होता होता जाते. पण ती गेली की नाही हे डॉक्टरांनी तपासायचं, आपण घरी 'थोडंसं देऊन बघू' करायचं नाही.

तर राणीसाहेब बर्थडे पार्ट्यांना स्वतःचा डबा घेऊन जातात. डब्यात राजगिऱ्याचा लाडू. समोर केकची प्लेट आली की विचारतात, "हे मला चालतं?" आणि आम्ही काही बोलायच्या आत स्वतःच मान हलवतात, "नाही चालत."

यंदाच्या १ जूनची गोष्ट. बायको आठवड्यातून दोनदा डेक्कन क्वीनने मुंबईच्या ऑफिसला जाते. त्यामुळे स्टेशन, इंजिन, गार्डची शिट्टी हेच आमच्या पोरीचं जग. ही दख्खनची राणी १ जून १९३० रोजी सुरू झाली आणि तिचा वाढदिवस दरवर्षी पुणे स्टेशनवर दणक्यात साजरा होतो. गाडीला हार, फुलं आणि चक्क केक! यंदा म्हटलं, पोरीला दाखवू या. ती आजीच्या कडेवरून डोळे विस्फारून बघत होती. एका काकांनी प्रेमाने केकचा तुकडा तिच्यासमोर धरला. तिने हात मागे घेतला.

सव्वासातला गाडी सुटली. घरी येताना स्कूटरवर माझ्या पुढ्यात उभी राहून ती म्हणाली, "बाबा, गाडीलासुद्धा केक असतो."

एवढंच. रडली नाही, हट्ट केला नाही. हट्ट केला असता तर परवडलं असतं.

एगलेसचा चकवा

तुम्ही म्हणाल, त्यात काय, आपल्याकडे गल्लोगल्ली एगलेस केक मिळतात. मिळतात ना! पण एगलेस म्हणजे अंडं नाही, एवढंच. अंड्याची कसर भरून काढायला त्यात हमखास कंडेन्स्ड मिल्क, दही नाहीतर दूध पावडर घालतात. म्हणजे आमच्यासाठी आगीतून फुफाट्यात!

आम्ही एकदा पोळलोही होतो. तिच्या दुसऱ्या वाढदिवसाला एका केकवाल्याने छातीठोकपणे सांगितलं, "साहेब, नॉन-डेअरी क्रीम आहे, दुधाचा थेंब नाही." राणीसाहेबांनी बोटभर क्रीम चाटलं. दहा मिनिटांत तोंडाभोवती गांधी आणि मग उलट्या. पाहुणे घरी आणि आम्ही कॅज्युअल्टीत, असा तो वाढदिवस पार पडला. नंतर त्या क्रीमच्या डब्यावरची मुंगीएवढी अक्षरं वाचली, तर त्यात 'सोडियम केसिनेट' होतं. म्हणजे दुधातल्याच केसीन या प्रथिनाचं भावंड! नॉन-डेअरी म्हणवणाऱ्या बऱ्याच क्रीममध्ये ते असतं. केकवाला खोटं बोलत नव्हता, त्याला माहीतच नव्हतं.

तिसऱ्या वाढदिवसाला आम्ही केकचं नावच काढलं नाही. तेलातला शिरा केला, त्यावर मेणबत्ती लावली. आम्ही टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या. पण १ जूननंतर शिऱ्यावर भागणार नाही हे कळून चुकलं.

मंदीच्या बाजारातला केक

शोधता शोधता एक जुनी अमेरिकन रेसिपी हाती लागली. १९३० च्या दशकातली मंदी आणि मग दुसऱ्या महायुद्धातलं रेशनिंग. दूध, लोणी, अंडी महाग, नाहीतर गायब. तेव्हा तिथल्या गृहिणींनी तेल, पाणी आणि व्हिनेगरवर केक करायला सुरुवात केली. त्यांची ती अडचण होती, आमच्यासाठी ती लॉटरी निघाली!

फंडा अगदी शाळेतल्या प्रयोगवहीतला आहे. खाण्याचा सोडा हा अल्कली, व्हिनेगर हे ॲसिड. दोघं भेटले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात. हेच बुडबुडे ओव्हनच्या उष्णतेने फुगतात आणि तोवर भोवतीचं पीठ शिजून घट्ट होतं. झाला केक जाळीदार! व्हिनेगरचा वास येईल ही भीती नको, भाजल्यावर तो जाणवत नाही. आणि लोण्याऐवजी तेल असल्यामुळे केक फ्रिजमध्ये ठेवला तरी कडक होत नाही.

बीटर नको, मिक्सर नको, एक भांडं आणि एक चमचा बस. म्हणजे घरात कोणाला ॲलर्जी नसली तरी पहिल्यांदाच केक करणाऱ्या कुठल्याही ऑफिसवाल्याने इथूनच सुरुवात करावी.

*चौकट : असा करा व्हिनेगर केक*

साहित्य : मैदा दीड कप (साधारण १९० ग्रॅम), साखर १ कप (२०० ग्रॅम), बिनसाखरेची कोको पावडर पाव कप, खाण्याचा सोडा १ टीस्पून, मीठ अर्धा टीस्पून, पाणी १ कप (२४० मिली), वास नसलेलं तेल ५ टेबलस्पून, पांढरं व्हिनेगर १ टेबलस्पून, व्हॅनिला इसेन्स १ टीस्पून.

कृती : ओव्हन आधी १८० अंशांवर तापत ठेवा. टिनला तेलाचा हात लावून तळाला बटर पेपर घाला (नावातच बटर, कागदात नसतं!). मैदा, कोको, सोडा आणि मीठ दोनदा चाळा, मग साखर मिसळा. पाणी, तेल, व्हिनेगर, इसेन्स एकदम ओता. कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच ढवळा. जास्त घोटलंत तर केक चिवट होईल. मिश्रण लगेच टिनमध्ये, टिन लगेच ओव्हनमध्ये. आठ इंची गोल टिनला ३० ते ३५ मिनिटं, ब्रेडच्या आकाराच्या लांबट टिनला ४५ ते ५० मिनिटं लागतात. मधोमध खुपसलेली सळई कोरडी बाहेर आली की झाला. १५ मिनिटं टिनमध्येच राहू द्या, मग जाळीवर उपडा करा.

ओव्हन नाही? जाड बुडाच्या कुकरमध्ये मिठाचा थर द्या, त्यावर स्टँड ठेवा, रिंग आणि शिट्टी काढून झाकण लावा. दहा मिनिटं तापवून टिन आत ठेवा आणि मंद आचेवर भाजा. वेळ थोडा जास्त लागेल.

कॉल म्यूट होतो, सोडा नाही

रेसिपी एवढी सोपी, मग ती वीट कशी झाली? ऐका. पीठ कालवलं नऊ वाजता. टिनमध्ये ओतणार, तेवढ्यात फोन. क्लायंटचा 'क्विक कॉल'. आपल्याला माहीत असलेला क्विक कॉल तो! पन्नास मिनिटं चालला. तोवर सोडा आणि व्हिनेगरने आपलं काम उरकलं होतं, बुडबुडे हवेत विरून गेले होते. उरलेला चिखल मी भाजला आणि त्याची वीट झाली. धडा पहिला : ओलं आणि कोरडं एकत्र केलं की मधे कोणी नाही. बॉसही नाही.

शनिवारी दुसरा प्रयत्न. या वेळी केक छान फुगला. मग मला राहवेना. गरमागरम असतानाच टिन उलटा केला. अर्धा केक ताटात, अर्धा टिनमध्ये! धडा दुसरा : केक गरम असताना नाजूक असतो, त्याला निवू द्या. तो मोडलेला केक मात्र वाया गेला नाही. राणीसाहेब मागून आल्या, ताटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे मला चालतं?"

बायकोने प्रत्येक पाकीट पुन्हा एकदा वाचलं. मैदा, कोको, इसेन्स. मग म्हणाली, "चालतं."

पोरीने एक कण उचलून जिभेवर ठेवला आणि आमच्याकडे बघत राहिली, काही होतंय का याची वाट बघत. आम्हीही बघत राहिलो. काहीच झालं नाही. मग दुसरा कण. मग मूठभर.

आजी इन, बटर आउट

आता सजावट. आयसिंग म्हटलं की बटर नाहीतर क्रीम, दोन्ही बाद. इथे एंट्री झाली माझ्या आईची. एके काळी "कसली मेली ॲलर्जी! आमच्या वेळी नव्हतं असलं काही" म्हणणारी माझी आई, त्या कॅज्युअल्टीच्या संध्याकाळनंतर बदलली. मूळची रत्नागिरीकडची. म्हणाली, "दुधाचं काय घेऊन बसलास? नारळ आहे की घरात!"

आणि खरंच, नारळाच्या दाट दुधात डार्क चॉकलेट इतकं सुरेख मिळून येतं की विचारू नका. दोन लांबट केकसाठी ४०० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरा. २४० मिली नारळाचं पहिलं दाट दूध कडेने बुडबुडे येईपर्यंत गरम करा, उकळू नका. चॉकलेटवर ओता, तीन मिनिटं हात लावू नका, मग मधोमध हळूहळू ढवळत बाहेर या. चकचकीत सॉस तयार! गार होताना तो लोण्यासारखा पसरवण्याजोगा होतो. तेल सुटल्यासारखं दिसलं तर चमचाभर कोमट नारळाचं दूध घालून ढवळा, सावरतं. चॉकलेट मात्र निवडून घ्या. डार्क लिहिलेल्या कितीतरी चॉकलेटमध्ये मिल्क सॉलिड्स असतात.

डिझाइनचा प्रश्नच नव्हता. डेक्कन क्वीनच हवी! लांबट टिनमधले दोन केक, एक इंजिन आणि एक डायनिंग कार. मी जोशात होतो. म्हटलं, इंजिनातून म्हातारीच्या कापसाचा मस्त धूर काढू. राणीसाहेबांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "बाबा, डेक्कन क्वीनला धूर नसतो. वर तारा असतात ना!" बरोबर होतं तिचं. ही गाडी पहिल्या दिवसापासून विजेवर धावते. धूर कॅन्सल.

चाकांसाठी बिस्किटं घ्यावीत, तर आपल्या ग्लुकोज बिस्किटांतही दूध असतं. तेव्हा आई म्हणाली, "राजगिऱ्याचे लाडू चपटे करून लावू." फक्त गूळ आणि राजगिरा. पार्ट्यांमध्ये डब्यातून जाणारा तोच लाडू, आता केकच्या चाकाला लागणार होता.

केकगाडीचं टाइमटेबल

वीकडेला ऑफिस करून एका रात्रीत केक उरकायचा विचार असेल, तर तो आधी सोडा. तीन टप्पे करा, टेन्शन अर्धं होतं. आमचा वाढदिवस रविवारी संध्याकाळी होता.

शुक्रवार रात्र : फोन सायलेंट. दोन केक भाजले, पूर्ण गार केले, प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये. गार केक नीट कापला जातो, चुरा होत नाही.

शनिवार दुपार : वरचा फुगीर भाग कापून केक सपाट केले. कापलेल्या तुकड्यांचा चुरा बाजूला ठेवला, ती रुळांखालची खडी! केक मधून आडवा कापून आत चॉकलेट भरलं. मग बाहेरून आधी एकदम पातळ थर द्यायचा. सुटे कण त्यात अडकून बसतात. वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून दुसरा जाड थर. या एका युक्तीने केक 'घरचा' असूनही नीटनेटका दिसतो.

रविवार सकाळ : साखरेची तयार पेस्ट लाटून निळा पट्टा आणि पांढऱ्या खिडक्या. हे काम आदल्या दिवशी करू नका. फ्रिजमधून बाहेर काढलं की पावसाळी हवेत साखरेला घाम फुटतो आणि खिडक्या ओघळतात. खिडक्या चिकटवायचं काम मुलांना द्या. आमच्याकडच्या खिडक्या वेगवेगळ्या उंचीवर लागल्या, पण लावणाऱ्या बाईंचा आग्रह होता की उंच माणसांना उंच खिडकी लागते.

*चौकट : हे विसरू नका*

• पाकिटावर केसीन, केसिनेट, व्हे, मिल्क सॉलिड्स, लॅक्टोज, बटर ऑइल यातलं काहीही दिसलं तर त्यात दूध आहे. मार्जरीनमध्येही ते असू शकतं.

• आपल्याकडे पाकीटबंद पदार्थावर दूध, अंडी, शेंगदाणे, सुकामेवा, सोया अशा घटकांची सूचना छापणं बंधनकारक आहे. 'दूध असू शकतं' ही ओळही गंभीरपणे घ्या. सुट्या केकवर असं लेबल नसतं, हे लक्षात ठेवा.

• पाहुण्या मुलांच्या आईवडलांना आधी विचारा. नारळ, दाणे, गहू, कोणाला काय चालत नाही ते.

• भांडी, चाळण, चमचे आधी स्वच्छ धुवा. तुपाचा हात लागलेला टिन चालणार नाही.

• चार वर्षांखालच्या मुलांच्या केकवर पॉपकॉर्न, अख्खे दाणे, कडक चंदेरी गोळ्या नकोत. घशात अडकतात. टूथपिक वापरल्या तर मोजून लावा आणि मोजून काढा.

राइट टाइम

रविवार, संध्याकाळचे सहा. आधी औक्षण. आईने निरांजन लावलं आणि माझ्या लक्षात आलं, वात तिळाच्या तेलात होती. तुपाच्या बोटाने पोरीच्या गालाला हात लागेल म्हणून तिने न सांगता बदललं होतं. ओवाळून झाल्यावर तोंडात पेढ्याऐवजी खडीसाखर.

मग मेणबत्तीवरून दरवर्षीचा वाद. आईचं म्हणणं, वाढदिवसाला दिवा लावायचा असतो, विझवायचा नसतो. यंदा तो वाद गाडीनेच मिटवला. फुंकर मारायचीच तर शिट्टीत मारा! राणीसाहेबांनी गार्डची शिट्टी जोरात फुंकली, गाडी सुटली आणि सुरी इंजिनात शिरली. अगदी सहज शिरली, हे त्या विटेच्या आठवणीने मुद्दाम सांगतो.

केक परफेक्ट होता का? अजिबात नाही. डायनिंग कार घाटातल्या वळणावर असल्यासारखी कललेली, एक चाक निखळलेलं, निळा पट्टा मधेच फाटलेला. मोबाइलवर फोटो काढताना मी चांगली बाजू शोधत होतो. पोरीला तसल्या कशाशी देणंघेणं नव्हतं. तिने प्लेट हातात घेतली आणि सवयीने आईकडे बघितलं. "हे मला चालतं?"

"चालतं," बायको म्हणाली. "इंजिन चालतं, डबा चालतो, चाकं चालतात. सगळं चालतं."

तिने दोन तुकडे संपवले. मग तिसरा तुकडा प्लेटमध्ये घेऊन ती घरभर फिरायला लागली. सोसायटीतल्या पोरांपुढे, शेजारच्या काकूंपुढे, माझ्या ऑफिसच्या मित्रांपुढे प्लेट धरून प्रत्येकाला तेच विचारत होती, "तुला चालतं?"

शेवटी आजीपुढे आली. आईला डायबिटीस आहे, गोड वर्ज्य. तिने माझ्याकडे बघितलं, मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. मग तिने त्या प्लेटमधून चाकाचा एक तुकडा मोडून घेतला.

"आज चालतं गं, राणी."